लिलाबाईंचे गुरुवार

नशिराबादच्या लिलाबाईंनी तीस वर्षे ब्लाउज शिवले, आणि या तीस वर्षांत त्यांचा एकही टाका उसवून परत आला नाही. अशा बाईने सूड घ्यायचे मनावर घेतले, तेव्हा तोही मापे घेतल्यावाचून घेतला नाही.

सूड होता नवलनानावर. गावापासून काही कोसांवरच्या एका वस्तीत हा इसम दर गुरुवारी बसे. रोग्याच्या पोटावर पितळेची नळी टेकवायची, दुसरे टोक तोंडात धरून जोराने ओढायचे आणि परातीत टणकन खडा थुंकायचा, ही त्याची विद्या. मुतखडा असो की पित्ताशयातला खडा, नळी तीच. लिलाबाईंची धाकटी बहीण ज्योती यावलला दिलेली होती. जेवण झाले की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ उठे, म्हणून तिचा नवरा तिला या नानाकडे आणू लागला. नऊ महिन्यांत तिच्या पोटातून अकरा खडे ‘निघाले’. बाराव्या खेपेस तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. नानाने तिच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. ही माळ लांबत लांबत खाली सरकते तशी कावीळ उतरते, असा आपल्याकडे समज आहे. माळ कमरेशी आली त्याच दिवशी ज्योतीला जळगावच्या दवाखान्यात न्यावे लागले. खडा पित्ताच्या नळीत अडकला होता आणि विष रक्तात भिनले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली.

नानाने निरोप धाडला, “माळ तं बराबर उतरनी व्हती. पोरनं नशीब खोटं.”

हा निरोप लिलाबाईंच्या काळजात रुतून बसला. त्या पोलिसांत निघाल्या, पण मेहुण्यांनी अर्जावर सही करण्यास नकार दिला. बायकोला तिथे नेणारे तेच होते, मग सही कोणत्या तोंडाने करणार?

पुढे चार महिन्यांनी एका लग्नात शेवभाजीचे जेवण झाले आणि तीच कळ लिलाबाईंच्या बरगडीखाली उठली. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. मुलगा प्रशील घाबरला. लिलाबाईही शस्त्रक्रियेच्या नावाने आजवर थरथरत आल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांच्या मनात भीतीला जागाच उरली नव्हती. जळगावच्या तरुण शल्यचिकित्सक डॉक्टर मृणालींसमोर त्या वकिलासारख्या बसल्या.

“नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही?”

“नाही, मावशी. पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. म्हणून पिशवीसकट काढायचं. पित्त यकृतात तयार होतं, ते नंतर थेट आतड्यात उतरतं. पिशवीवाचून माणसाचं काही अडत नाही.”

“आणि खडा बाहेर येतो कुठून?”

“पोटावर चार छोटी छिद्रं पाडतो. एक बेंबीपाशी, तीन वर उजवीकडे. पोटात वायू भरून जागा करायची, कॅमेरा घालून आत बघायचं, पिशवीच्या नळीला चिमटे लावून ती कापायची आणि पिशवी बहुधा बेंबीच्या वाटेने बाहेर घ्यायची. तासाभराचं काम. क्वचित आत फार चिकटलेलं निघालं, तर मोठा छेद घ्यावा लागतो. ते आधीच सांगून ठेवते.”

“म्हणजे भोक पाडल्याशिवाय खडा निघत नाही.”

“कसा निघेल, मावशी?”

लिलाबाईंनी प्रशीलकडे पाहिले. “लिहून घे,” त्या म्हणाल्या.

आदल्या रात्रीपासून त्या उपाशी राहिल्या. भूल उतरल्यावर पोटापेक्षा खांदा अधिक दुखत होता. तो आतल्या वायूमुळे दुखतो आणि दोन-तीन दिवसांत थांबतो, असे परिचारिकेने सांगितले, आणि तो तसाच थांबला. संध्याकाळी त्यांना चालवले, दुसऱ्या दिवशी घरी सोडले. कमी तेलाचे जेवण, काही आठवडे वजन उचलायचे नाही; ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा दुखणे वाढले तर त्याच पावली परत यायचे. आठव्या दिवशी टाके निघाले. त्यांचे व्रण लिलाबाईंनी आरशात निरखून पाहिले. “हात बरा आहे पोरीचा,” असा शेरा त्यांनी दिला.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी नानाच्या ओट्यासमोर, रस्त्यापलीकडे, लिलाबाईंनी चादर अंथरली.

“काय व अक्का,” नाना ओट्यावरून ओरडला, “तुले काय तरास शे?”

“मना तरास गया, नाना. आते तुना तरास सुरू शे.”

रांगेतल्या बाया हसल्या. नाना हसला नाही. “पोट फाडी लिधं वाटतं! ऐका व बायाहो, डॉक्टरनी चिरं हिले, आनी मना आठे रगतना टिपूस नई निंघत!”

लिलाबाई याचीच वाट पाहत होत्या. त्या उठल्या, रस्ता ओलांडून रांगेपाशी आल्या आणि बायांच्या घोळक्यात पदर बाजूला करून त्यांनी चारही व्रण दाखवले.

“हे पाहा. माझे खडे इथून निघाले. मी शिवणकाम करणारी बाई. सुई शिरली की कापडाला भोक पडतंच. कुंदाबाई, तुमचे किती निघाले?”

“सात,” रांगेत पुढे उभी असलेली, नशिराबादचीच कुंदाबाई म्हणाली.

“मग भोक दाखवा.”

कुंदाबाईने पोटाकडे पाहिले. मागची बाई वाकून पाहू लागली. मग आणखी एक. एका म्हातारीने तर नानालाच विचारले, “काय रे नवल, सात खडा निंघनात, त्या कोठेन निंघनात?”

नानाने मंत्र, दैवी शक्ती, पूर्वपुण्य अशी एकेक करून सगळी कारणे सांगितली. कुंदाबाई मात्र परत फिरली आणि चादरीवर येऊन बसली. “दुखतं का फार?” तिने हळूच विचारले. लिलाबाईंनी उपासापासून खांद्यापर्यंत सर्व काही यथाक्रम सांगितले. काहीही लपवले नाही, काहीही वाढवले नाही. खोटे बोलायला तो समोर होताच.

त्यानंतर एकही गुरुवार त्यांनी चुकवला नाही. सहाव्या गुरुवारी ओट्यावर फक्त नाना होता. दुपारी तो स्वतः रस्ता ओलांडून आला.

“अक्का, बठ्ठा लोके तुटनात. आते तरी घर जाय. माफी कर.”

“ज्योतीले आण. मी जास.”

नाना परत ओट्याकडे गेला आणि नळी, परात गोळा करू लागला. पुढच्या गुरुवारी ओट्याला कुलूप होते. कुंदाबाईची शस्त्रक्रिया तोवर नीट पार पडली होती, आणि बातमी तिनेच आणली. नाना आता यावलच्या पुढे एका पाड्यावर मंगळवारी बसतो.

प्रशील म्हणाला, “आई, झालं ना आता? पळाला तो.”

“पळाला. मेला नाही,” लिलाबाई म्हणाल्या, आणि मंगळवारी सकाळी यावलकडे पहिली बस किती वाजता सुटते, ते पाहून यायला त्यांनी त्याला स्थानकावर धाडले.