वीस ग्रॅमच्या वरची पत्रिका

माझ्या लग्नाच्या पत्रिका बहुतेकांना मोबाईलवरच गेल्या. वयस्कर नातेवाइकांना मात्र टपालाने पाठवायच्या, असं वडिलांनी ठरवलं. ते निवृत्त कारकून, आणि नियम हा त्यांचा विरंगुळा. केडगावात आमच्या गल्लीतल्या सोनाराकडे जाऊन त्यांनी पाकिटासकट एक पत्रिका तोलून आणली. अठरा ग्रॅम भरली. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये, पुढच्या वीसला आणखी पाच. म्हणून प्रत्येक पाकिटावर पाचाचं एकच तिकीट लागलं आणि वडील दिवसभर खुशीत होते.

आईला काळजी होती ती एकाच पाकिटाची, खर्ड्याच्या मामाच्या. आजोबांच्या जमिनीच्या हक्कसोडीवर तिने सही केली नाही, तेव्हापासून मामाने बोलणं टाकलं होतं. फोनही उचलत नव्हता. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तो उभा राहावा, एवढंच तिला हवं होतं. जमिनीबाबत तिचं काही चुकलं नव्हतं असं माझं मत, पण ते ऐकून घ्यायला ती तयार नसे.

पाकिटं टपालपेटीत पडली त्या संध्याकाळी तिने सहज सांगितलं, की मामाच्या पाकिटात तिने अक्षता आणि एक सुपारी घातली होती. सख्ख्या भावाला कोरडी पत्रिका कशी पाठवायची, असं तिचं म्हणणं.

वडिलांनी कप खाली ठेवला. "वीसच्या वर गेलं ते. पाच रुपये कमी पडले. जेवढे कमी, त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल करतात."

"म्हंजी त्यानं धा रुपये देऊन आपली पत्रिका सोडवायची व्हय?" आईचा चेहरा उतरला. पुढे दोन दिवस ती वडिलांशी धड बोलली नाही, जसे काही पोस्टाचे दर त्यांनीच ठरवले होते.

आठवड्याभराने पाकीट परत आलं. दार मी उघडलं. कोपऱ्यात पेनाने 'घेण्यास नकार' असं लिहिलेलं होतं. तिकीट कमी असल्याचा शिक्का मात्र कुठेच नव्हता, वसुलीची रक्कमही नव्हती. म्हणजे ते कुणी तोललंच नव्हतं आणि मामाकडे कुणी एक पैसाही मागितला नव्हता. मी पाकीट वडिलांना दिलं. त्यांनी ते मागूनपुढून नीट पाहिलं.

"काय झालं?" आई स्वयंपाकघरातून आली.

वडिलांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात सरकवलं. "तिकीट कमी पडलं. दहा रुपये मागितले असणार, म्हणून परत केलं."

दरांच्या बाबतीत हा माणूस खोटं बोललेला मी त्याआधी ऐकला नव्हता. मला हसू आलं, ते लपवायला मी दार लावून घ्यायला वळले.

आईचा जीव भांड्यात पडला. "मग दुसरी धाडू. तिकिटं जरा जास्तीच लावा तुमी."

वडिलांनी पंधरा रुपयांची लावली. सुपारी याही वेळी आत होती.

ते पाकीट परत आलं नाही. मामाही आला नाही. माझ्या पाठीशी आईचा मावसभाऊ उभा राहिला. मामाचा मला तेव्हा राग आला होता, तो अजून आहे. पाठवणीच्या गडबडीत आईने वडिलांना बाजूला घेतलं.

"त्याला यायला जमलं नसंल," ती म्हणाली. "पण पत्रिका घेतली बघा त्यानं. तिकिटाचंच हुतं ते."

वडील हो म्हणाले.