घाईत ठरवलेली उपाध्यक्ष

दिल्लीच्या थंडीत दुपारी बारा ते तीन या वेळात मी जितकी मोठी झाले, तितकी पुढे आयुष्यात कधीच झाले नाही. आमच्या सरकारी कॉलनीतल्या हिरवळीवर चटई टाकून, उन्हाकडे पाठ करून मी स्वेटर विणत बसायची. डोळे अर्धे मिटलेले असायचे आणि त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांपुढे मी महिला मंडळाची अध्यक्ष झालेली असायची. गळ्यात झेंडूचा हार, समोर माइक, पहिल्या रांगेत नवरा. विणताना टाके सुटायचे, पण भाषण कधी अडायचं नाही.

मंडळ सगळ्या दिल्लीतल्या मराठी बायकांचं. निवडणूक पहाडगंजमधल्या एका हॉलमध्ये व्हायची, पण त्याआधी प्रत्येक वस्तीनं आपली एकेक उमेदवार ठरवायची. ती पक्की झाली की तिनं दुसऱ्या वस्तीतली उपाध्यक्ष शोधायची आणि दोघींनी जोडीनं उभं राहायचं, अशी पद्धत. आमच्या कॉलनीत माझ्यासमोर होत्या एका अंडर सेक्रेटरींच्या पत्नी. त्यांच्या घरी फोन होता आणि त्यांच्या अनारशांना जाळी पडायची. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मग माझ्या डोक्यात आलं, आपण उपाध्यक्ष आधीच जाहीर करून टाकली तर? कॅन्टोन्मेंटातल्या मराठी फौजींच्या बायका जिच्या पाठीशी, तिला आमची कॉलनी नाही कशी म्हणेल?

एका सकाळी मी धुक्यातून बस पकडून कॅन्टोन्मेंटात गेले. तिथल्या एका सुभेदारांच्या बायकोला मी हळदीकुंकवात एकदा पाहिलं होतं. बाकीच्या बायका तिचं ऐकतात, एवढंच मला ठाऊक होतं. तिनं मला खाटेवर बसवलं, गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले.

मी म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून उभ्या राहा."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी? आन् तुमच्या जोडीला?" मग तोंडाला पदर लावून हसली. "ऱ्हाते की!"

परतताना धुकं विरत होतं. त्यातून झाडं, सायकलवाले, बंगल्यांची फाटकं एकेक करून वर येत होती, आणि ही सगळी मंडळी मलाच मत देणार असं मला वाटत होतं.

कॉलनीत मात्र उलटंच झालं. "अच्छा, म्हणजे लग्न ठरायच्या आधीच करवली नेमली तर!" अंडर सेक्रेटरीणबाई गोड हसून म्हणाल्या, आणि सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. आम्हाला न विचारता बाहेरचीला शब्द दिलाच कसा, म्हणून काहीजणी रागावल्याही. मी सपाटून हरले. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. नवरा म्हणाला, "छोड ना यार, मंडळच आहे." मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही.

त्या रुसव्यात एक साधी गोष्ट माझ्या मनातही आली नाही. आपली जोडी मोडली, हे कॅन्टोन्मेंटात कळवायला हवं होतं. एका पोस्टकार्डाचं काम होतं.

पहाडगंजच्या मतदानाला मी गेले नाही. त्या रविवारी हिरवळीवर ऊन खात पडले होते. डोळा लागत होता तोच बायकांचे आवाज आले. फाटकातून ती सुभेदारीण येत होती, मागे सात-आठ जणी, सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, तिच्या अंबाड्यावर शेवंतीची वेणी. मला आधी ते स्वप्नच वाटलं.

"ताई, बरं न्हाई का तुमाला?" तिनं विचारलं. "हालमधी दिसला न्हाईत. चिठ्ठीवर नाव लिवा म्हनले, तवा आमी समद्यांनी तुमचंच लिवलं. मग म्हनले, ह्या उभ्याच न्हाईत, चिठ्ठ्या बाद."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलनीतच हरले, तुम्हाला कळवायचं राहून गेलं, असं मी चाचरत सांगितलं. मग एकदा तोंड उघडलंय तर राहवेना, म्हणून उरलेलंही बोलून टाकलं. "वहिनी, मी तुमच्याकडे फक्त मतांसाठी आले होते. तुमची माझी काही ओळख नव्हती."

"त्ये मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. "पर चार वर्सं झाली मला दिल्लीत. तुमच्या कालनीतली एकली तुमीच आमच्या दारात आलात."

तिनं वळून आपल्या बायकांकडे पाहिलं आणि मग मला म्हणाली, "आता आमाला घरात बोलवताय, का हितंच उभं ऱ्हायचं?"