मासे डावीकडे बघायचे

नेरिडा हॉस्किंगला मासे आवडायचे ते ताटात. लिंबू पिळून, सोबत बटाट्याच्या काचऱ्या. बाकी पाण्यात वळवळणाऱ्या जिवांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आणि नशीब बघा, नवरा मिळाला तो नेमका मासे पाळणारा.

क्लेम बोवेन गावच्या मिठागरातून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने गॅरेजमधली गाडी बाहेर उन्हात उभी केली. आत चौदा काचेच्या टाक्या आल्या. प्रत्येक टाकीत माशांना अंडी घालायला एक मातीची कुंडी, आणि कुंडीपाशी क्लाउनफिशचं एक जोडपं, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं. मादी मोठी आणि खाष्ट, नर लहान आणि ऐकणारा. "आपल्यासारखंच," क्लेम म्हणायचा. नेरिडा त्याला हातातल्या फडक्याने मारायची.

जोडी जमवायला त्याला वर्षवर्ष लागायचं. एकदा जमली की तो ती चांगल्या घरी द्यायचा, पण कुणालाही नाही. मासे मागायला आलेल्या माणसाची तो मुलगी द्यायची असावी तशी चौकशी करायचा. टाकी किती महिन्यांची आहे, घरी माणूस असतं का, स्वभाव कसा आहे. एकाने म्हटलं, "मला एकच द्या, तो मोठा." क्लेमने त्याला चहासुद्धा पाजला नाही. "जोडी तोडली तर मागे राहिलेला खात नाही रे बाबा," एवढंच म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

क्लेम एप्रिलमध्ये गेला. दुपारी साडेचारला, माशांच्या खाण्याच्या वेळेला. नेरिडाने स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या, चहा निवतोय म्हणून. चौथ्या वेळी ती तणतणत गॅरेजमध्ये गेली. तो मोठ्या टाकीच्या डाव्या बाजूला, त्याच्या नेहमीच्या स्टुलावर, भिंतीला टेकून बसला होता. हातातल्या कपात गोठवलेला जवळा अजून पुरता वितळलाही नव्हता.

सगळे विधी उरकल्यावर नेरिडाने एकेक जोडी देऊन टाकली. मुलगी ट्रूडी ब्रिस्बेनहून फोन करायची, "आई, उरलेलेही देऊन टाक आणि माझ्याकडे ये." पण मोठ्या टाकीतली शेवटची जोडी, डचेस आणि स्टॅन, अकरा वर्षांची म्हातारी होती. त्यांना कुणी विचारत नव्हतं. म्हणून रोज साडेचारला नेरिडा नाक मुरडत जवळा घेऊन जायची आणि टाकीच्या उजव्या बाजूला उभी राहायची. डावीकडे त्या स्टुलाजवळ जायला तिचा पाय उचलत नसे.

हे मासे खायला घालणाऱ्याला ओळखतात. माणूस दिसला की काचेशी येतात आणि अंग थरथरवत मागतात. बाकीच्या तेरा टाक्यांतले मासेसुद्धा, घरी होते तेव्हा, चार दिवसांत नेरिडाला ओळखू लागले होते. डचेस आणि स्टॅन मात्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. साडेचार वाजले की दोघे डाव्या काचेला जाऊन भिडायचे. किंचित वर बघायचे आणि अंग थरथरवायचे. जवळा उजवीकडून पडायचा, बुडायचा, तळाला जाऊन बसायचा. सकाळपर्यंत तो संपलेला असायचा, पण तिच्यासमोर ते दोघे डावीकडेच.

"काय आहे रे मेल्यांनो तिकडे?" तिने विचारलं आणि विचारल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

खिडकीचा उजेड पडत असेल म्हणून तिने खिडकीला चादर लावली. मासे डावीकडेच. मन घट्ट करून स्टूल उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. मासे डावीकडेच. मग एके दिवशी ती वाकून त्यांच्या नजरेच्या रेषेत बघायला गेली. मासे जिथे बघत होते ती जागा जमिनीपासून चार फुटांवर होती. उभ्या माणसाच्या छातीशी येईल अशी. बसलेल्या माणसाचं मात्र तिथे तोंड येतं.

जवळ्याचा कप तिथेच टाकून ती घरात पळाली आणि गॅरेजच्या दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी हिंमत करून गेली. स्टूल अंगणात होतं, मासे मात्र त्याच जागेकडे बघत होते. बघता बघता डचेसने मान वळवावी तसं सगळं अंग हळूहळू उजवीकडे फिरवलं, मागोमाग स्टॅननेही. कुणीतरी उठून टाकीसमोरून चालत नेरिडाच्या बाजूला येत असावं तशी त्या दोघांची नजर सरकत आली, तिच्या खांद्याशी थांबली आणि पुन्हा डावीकडे गेली.

भीती आठवडाभर पुरली. मग नेरिडाला राग आला, आणि तिचा राग म्हणजे काय ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"म्हणजे आलास तो इथे आलास होय!" ती रिकाम्या जागेला म्हणाली. "मी तिकडे पलंगाच्या एका कडेला झोपते, तुझी बाजू मोकळी ठेवून. रोज चुकून दोन कप काढते. तिकडे नाही आलास. चव्वेचाळीस वर्षं तुझं केलं मी, क्लेम. आणि तू मेल्यावर आलास कुणासाठी, तर या दोन माशांसाठी!"

डचेस आणि स्टॅन थरथरत डावीकडे बघत राहिले.

तिने त्याच दिवशी मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाला निरोप पाठवला: म्हातारी जोडी आहे, फुकट नेली तरी चालेल. पाऊण तासाच्या रस्त्यावर, प्रॉसरपाइनला राहणारी रोवेना नावाची नर्स शनिवारी गाडी घेऊन आली. सोबत पुढच्या सीटवर पसरलेला तिचा म्हातारा कुत्रा, मर्फी. क्लेमने केल्या असत्या तशा चौकशा नेरिडाने केल्या नाहीत. मासे पिशव्यांत घातले, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवल्या, कुंडीही दिली. मग रोवेना गाडीकडे गेली तशी ती डाव्या जागेकडे वळली.

"जा," ती म्हणाली. "एवढा जीव आहे ना त्यांच्यावर? मग जा त्यांच्याच बरोबर. इथे कुणी अडवलं नाही."

बाहेर रोवेनाने खोका मागे ठेवला, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि सीटचा पट्टा शोधू लागली. सीटभर पसरलेला मर्फी अचानक उठला. कान पाडून, शेपटी हलवत, तो अंग चोरून एका कडेला सरकला. कुणाला तरी बसायला जागा द्यावी तसा. नेरिडाने ते पाहिलं, पण तोंडातून शब्द फुटायच्या आत गाडी निघून गेली होती.

आणि मग घर रिकामं झालं. क्लेम गेला तेव्हासुद्धा इतकं रिकामं झालं नव्हतं. इतके दिवस आपण बडबडत होतो ती कुणाला तरी ऐकू जात होती, हे तिला आता कळलं. आता भांडं पडलं तरी आवाज भिंतीला लागून तसाच परत यायचा. तिने क्लेमला शिव्या घालून पाहिल्या. त्यात राम नव्हता. जेवण जाईना. टोस्टचा तुकडा तोंडात घोळत राहायचा.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, रोवेनाचा फोन आला.

"नेरिडा, रागावू नका हं, एक विचारायचं होतं. ते तुमच्याकडे डाव्या बाजूने खायचे का?"

नेरिडा खुर्चीत बसली. "का गं?"

"माझ्याकडे येतच नाहीत हो. मी उजवीकडे असते आणि ते डावीकडे बघत बसतात. तिथे कुणीच नसतं. आणि आमचा मर्फी, तो तर रोज साडेचारला तिथे जाऊन लोळतो, पोट वर करून. कुणीतरी खाजवतंय असं वाटतं. मी हसते, पण खरं सांगू, आता मला त्या खोलीत एकटीने जायला नको वाटतं."

"आत्ता आहे तिथे?"

"कोण, मर्फी?"

"रोवेना," नेरिडा म्हणाली, "तुला मी वेडी वाटेन. वाटू दे. माझा नवरा आहे तो. मीच त्याला जा म्हटलं. रागाच्या भरात म्हटलं गं, मनातून नाही. चव्वेचाळीस वर्षं तो माझं ऐकत आला. तेव्हाही ऐकलंन."

रोवेना नर्स होती. माणसं जाताना तिने पुष्कळ पाहिली असणार. ती म्हणाली, "मी काय करू, सांगा. मासे परत आणून देऊ?"

हो म्हणणं सोपं होतं. मासे आले असते, मागोमाग तोही आला असता, आणि पुन्हा गॅरेजमध्येच बसला असता. नेरिडाच्या जिभेवर आलेला हो तिने गिळला.

"नको. मासे राहू देत तुझ्याकडे. फक्त फोन तिथे ठेव. त्या बाजूला. त्याच्या तोंडाशी येईल असा. आणि तू जरा बाहेर जा."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग टाकीतलं पाणी बुडबुडल्याचा. नेरिडाने डोळे मिटले.

"क्लेम," ती म्हणाली. "चुकले मी. घरी ये."

ती तशीच फोन कानाला लावून बसून राहिली. तिकडे कुत्रा एकदा भुंकला, नखं फरशीवर वाजत लांब गेली, आणि मग तो बारीक आवाजात रडायला लागला. धावत आल्यासारखा रोवेनाचा श्वास आला.

"नेरिडा! मर्फी दाराशी उभा आहे, रस्त्याकडे बघतोय. आणि मासे... अहो, मासे माझ्या हाताशी आले. पहिल्यांदाच!"

नेरिडाने घड्याळात पाहिलं. पावणेपाच. पाऊण तासाचा रस्ता. तिने तोंड धुतलं, केस विंचरले, धुवट निळा ब्लाउज घातला आणि आरशात स्वतःला म्हणाली, "म्हातारचळ लागलाय तुला." मग गॅरेजच्या दाराला घराच्या बाजूने कडी घातली आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. गल्लीत कुणाची तरी मुलं घरी परतत होती, उसाची आगगाडी लांबून शिट्टी देत गेली. इथे कुणी आलं की नाही हे सांगायला आता घरात एकही मासा नव्हता. आणि मासेच नाहीत तर नुसत्या आपल्यासाठी तो कशाला येईल, हे तिच्या मनात आलं आणि ती घाबरली. भुताला घाबरली नव्हती एवढी घाबरली.

जाळीच्या दाराची स्प्रिंग करकरली. बाहेर वारा नव्हता. नेहमी धाडकन आपटणारं ते दार, कुणीतरी हाताने धरून लावावं तसं, अगदी हळू येऊन टेकलं.

नेरिडाने मागे वळून पाहिलं नाही.

"इथे मासे नाहीत, क्लेम," ती म्हणाली. "मी एकटीच आहे. चालेल ना?"