झडतीची खोली

आजऱ्याच्या एका काजू कारखान्यातून मी कोल्हापूरच्या माझ्या दुकानासाठी माल घ्यायची. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकण्यापासून सुरुवात केलेली बाई मी. दरासाठी भांडायला लागले की आवाज गेटपर्यंत जायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्याच शब्दावर धाकट्या बहिणीची मुलगी तिथं काजूगर सोलायला लागली होती. काही महिन्यांतच ती कामावर जायची बंद झाली.

कारण विचारलं, तर म्हणाली, "मावशी, सुटताना झडती असती. मुकादम एकेकीला खोलीत घेतो आन् दार लावतो."

"बाप्या माणूस झडती घेतो?"

"व्हय. हात कुठंबी घालतो. वरडलं की म्हणतो, काजू सापडलं म्हणून सांगीन."

त्या दाराशेजारी खुर्ची टाकून मी कितीदा चहा प्याले होते. आतून कधी आवाज आला नव्हता. येणार कसा? बोलेल ती चोर ठरणार होती. पोती उचलणाऱ्या गड्यांची मात्र कधी झडती नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आजरा गाठलं. मालकाला म्हटलं, "मुकादमाला काढा. झडती बाईनं घ्यायची, उघड्या पडवीत. आणि गड्यांचीबी घ्यायची."

मालक हसला. "अक्का, दर पाडायला आज नवंच काढलासा की. बरं, तुमचाच दर धरा. झालं?"

गेटपर्यंत जाणारा आवाज मी खाली आणला.

"दराचं न्हाय, शेट. मुकादम पोरींच्या अंगाला हात घालतो, त्याचं बोलतीय."

"जुना माणूस हाय त्यो. बायकांना तरास असता तर इतकी वर्षं आल्या असत्या व्हय?"

माल न घेताच उठले. पुढं मालकानं झडतीला बाई नेमली, तीही पडवीत. मुकादमाला वजनकाट्यावर बसवलं. भाचीला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "सोललेलं गर मोजून घ्यायला रोज त्याच्याच म्होरं उभं ऱ्हायचं की मग."

ती परत गेली नाही. मीही तिथला माल पुन्हा घेतला नाही. मालक अजून बाजारात सांगत फिरतो, "दर जमला न्हाय, म्हणून अक्का गेली." आणि लोकांना ते पटतं. दर तर त्यानं मी न मागताच दिला होता.