पेटीला वळसा घालून गेलेला पत्ता

आज सकाळी पेट्यांवर पत्ते घालायला काळ्या रंगाचा डबा उघडला आणि रंगाच्या त्या वासाने मला थेट आमच्या मिरजोळ्याच्या पडवीत नेऊन बसवलं. मी तिसरीत होते. समोर आंब्याच्या पेट्या, आजूबाजूला पेंढा. बाबांना लिहिता येत नव्हतं. मुंबईचे पत्ते दरवर्षी काका घालायचे. त्या वर्षी बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला.

मी अक्षरं एवढी मोठी काढली की गिऱ्हाइकाचं नाव संपेपर्यंत फळीच संपली. मग पत्ता तसाच वळवून बाजूच्या फळीवर नेला.

काका हसले, "आता हमालाने पेटीला प्रदक्षिणा घालूनच वाचायचं!"

"घालू दे की," बाबा म्हणाले. "माझ्या बायचं अक्षर आहे ते, लांबून दिसायला नको?" आणि दुसरी पेटी माझ्यापुढे सरकवली.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. स्वतःच्या हिमतीवर शिकले, असं आजवर ताठ मानेने सांगत आले. ती हिंमत त्या दुसऱ्या पेटीपासूनची, हे बाबा होते तोवर त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि आज माझ्या लेकीने पहिलंच अक्षर तिरकं काढलं, तर मी ब्रश हिसकावून घेतला. "दे इकडे, बिघडवशील." मग माझी मलाच लाज वाटली. दुसरी पेटी तिच्यापुढे सरकवली.

हात मागे घेत ती म्हणाली, "नको आई, तूच लिही. मला नाही जमत."