एका दाराचा टेंट

खोटं कशाला बोलू, टेंट घ्यायचं खूळ माझंच. बायकोचं म्हणणं एवढंच होतं की लेक हॉस्टेलला गेली, घर खायला उठतं, तर एकदा आपण दोघंच कुठंतरी जाऊन राहू. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि दोघंच असे आम्ही कधी कुठं राहिलो नव्हतो. लग्नानंतर देवाला गेलो तेव्हासुद्धा बरोबर माझी आत्या होती. मी म्हटलं, हॉटेल-बिटेल नको, डोंगरावर जाऊ. ती म्हणाली, "चालंल की." तिला कुठंही चाललं असतं.

मी खालापूरकडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आलेला माल तोलायचा, मापायचा आणि नाक मुरडून परत पाठवायचा, हे माझं काम. ही खोड आता अंगात मुरली आहे. भाजीवालीपुढे मी तिच्या काट्यावर डोळा ठेवून उभा राहतो, म्हणून बायको मला बाजारात बरोबर नेत नाही. टेंट घ्यायचा ठरल्यावर तर मी दोन महिने मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो. कापड किती पातळ, काठ्या कशाच्या, पावसाला टिकतो का, आणि मुख्य म्हणजे वजन. पाठीवर न्यायचा टेंट म्हणजे वजन, बाकी सगळं झूट, असं माझं ठाम मत झालं. जेवताना मी तिला ग्रॅम ऐकवायचो. ती भाकरी वाढत "हो का?" म्हणायची.

लोधिवलीला माझा एक जुना मित्र शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना टेंट भाड्याने देतो. त्याच्याकडे दोघांसाठीचे दोन टेंट विकायला होते, जवळजवळ नवे. एक लाल, एक हिरवा. तो म्हणाला, घेऊन जा, बघ, नको असेल तो परत आण. मी दोन्ही मोटरसायकलवर बांधून कडावला घरी आणले.

घरच्या वजनकाट्यावर माझा भरवसा नाही. म्हणून संध्याकाळी दोन्ही पिशव्या घेऊन मी गावातल्या दूध डेअरीवर गेलो. दूध घालायला आलेली आठ-दहा माणसं किटल्या घेऊन उभी होती. बायको कर्जतच्या बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला आहे. तिची रिक्षा डेअरीसमोरच थांबते, तीही उतरून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"दूध कुठं हाय रं? ह्ये काय आणलंस?" डेअरीवाला म्हणाला.

"टेंट हाय. तोल जरा."

लाल भरला एक किलो चारशे दहा. हिरवा भरला एक किलो आठशे ऐंशी. मी कुस्तीचा निकाल सांगावा तसा मोठ्यानं सांगितला, "लाल! चारशे सत्तर ग्रॅमनं हलका!"

बायको हिरव्या पिशवीवरचं चित्र बघत होती. "ह्याला दोन दारं हायत," ती हळूच म्हणाली. "दोनी बाजूंनी. हाच घेऊया ना."

इथं गप्प बसलो असतो तर माझं काय जाणार होतं? पण समोर चार माणसं दिसली की माझी जीभ वळवळायला लागते. मी म्हणालो, "बंगला बांधतोय की काय? पुढचं दार, मागचं दार! मग मागं परसात संडास पण बांधून घेऊ!"

सगळी डेअरी हसली. डेअरीवाल्यानं तर मापटं खाली ठेवून टाळी दिली. बायकोनं हिरवी पिशवी होती तिथं ठेवली, पदर सारखा केला आणि घराकडे चालायला लागली. मला वाटलं, दमली असेल. दिवसभर दुकानात उभी असते.

पुढच्या रविवारी आमच्या कापून झालेल्या भातखाचरात मी लाल टेंट लावून बघितला. भाताची धसकटं टोचत होती, म्हणून खाली गोणपाटं घातली. दोघं आत जाऊन आडवे झालो. दोघांचा म्हणतात खरा, पण कूस बदलायची तर एकमेकांना विचारून. दार एकच, आणि तेही एका बाजूला. दाराशी मी, पलीकडे कापडाला चिकटून ती. तिनं थोडा वेळ वर बघितलं, मग म्हणाली, "मी दाराशी झोपू?"

"छट्! काय साप-किरडू आलं तर? दाराशी मीच."

मग ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "अहो, मला उठावं लागतं."

आता सांगतो ते नीट ऐका, कारण इथं मला माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. तीन वर्षांपूर्वी तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात डबा मीच नेत होतो. तेव्हापासून तिला झोपेतून दोन-तीनदा उठावं लागतं. घरी परसातल्या संडासाला जाताना मागच्या दाराची कडी वाजली की मी कूस बदलून चरफडायचो. सगळं माहीत होतं मला. तरी मी काय म्हणालो असेन?

"एक रात्र नाय काढता येत?"

मी घड्याळ लावून टेंट किती मिनिटांत गुंडाळून होतो ते बघायला लागलो. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना वाट वाकडी करून हिरवा लोधिवलीला परत केला.

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही निघालो. पळसदरीला ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावली, धरणाच्या कडेनं चालत डोंगराला लागलो आणि शेवटची वाडी मागं टाकून दुपारपर्यंत वरच्या पठारावर पोहोचलो. ती झपाझप चढली. माझीच फे फे उडाली होती. वर मी चहा केला, तर म्हणाली, "नको, पित्त होतं." मला तेही खरं वाटलं. जेवताना तिनं दोन घास खाल्ले. सूर्य बुडताना मात्र खूप बोलली. लेकीबद्दल, दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल, तिच्या माहेरच्या डोंगराबद्दल. इतकं बोललेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि मला वाटलं, माझ्या टेंटचीच ही करामत.

रात्रीचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण मी झोपलो होतो. दाराशी, आडवा.

सकाळी उठलो तर ती जागीच होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी बाहेर आलो तशी ती झाडीकडे गेली आणि लगेच परतली. तिकडे पोरांच्या एका टोळीनं आपले टेंट ठोकले होते, गाणी लागली होती. पठारावर दुसरं झुडूप नव्हतं. मी काही विचारलं नाही. मी उन्हात टेंटचा फोटो काढण्यात गुंग. कारखान्यातल्या ग्रुपवर टाकला, खाली वजन लिहून.

उतरताना अर्ध्या वाटेवर ती एकदम मटकन दगडावर बसली. चेहरा पांढराफटक, पायाच्या पोटरीत गोळा आलेला. मी घाबरलो. घाबरलो की मी ओरडतो, हा आणखी एक गुण. "सकाळी खा म्हटलं तर खात नाहीस! आण ती बॅग इकडे!" म्हणून तिची बॅग ओढली, तर हाताला हिसका बसला.

"काय भरलंयस ह्यात? दगड?"

चेन उघडली. शालीखाली पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, लिटर लिटरच्या. घरी माठातून मीच भरून दिल्या होत्या. दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या.

"पाणी प्यायलीच नाहीस? कालपासून?"

"वाडीत प्यायले होते. आपण वर यायच्या आधी."

"अगं पण का?"

तिनं पोटरी चोळणं थांबवलं नाही. रागानंही बोलली नाही. राग असता तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. "तुमीच म्हणालात ना, एक रात्र काढ म्हणून," ती म्हणाली. "दुकानात पण तशीच काढते की. तिथं कुठं सोय हाय? सवय हाय मला."

मी चारशे सत्तर ग्रॅम वाचवले म्हणून गावभर मिरवलो, आणि ही बाई दोन किलो पाणी डोंगरावर चढवून, न पिता परत उतरवत होती. डेअरीवरची माझी ती संडासाची कोटी आठवली आणि कान तापले. तिला काय वाटलं असेल तेव्हा? अकरा वर्षं ती दुकानात जाते. घरी आली की आधी मागच्या दाराला का पळते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली. तिच्याकडे बघवेना.

"पाणी पी आधी," मी बाटली पुढे केली.

"आधी जायला हवं," ती म्हणाली. पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाली.

पण जायचं कुठं? एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार, आणि पायवाटेवर रविवारची वर्दळ. मी माझी बॅग उघडली, टेंटचं वरचं लाल कापड बाहेर काढलं, आणि कातळाच्या खोबणीपुढे दोन्ही हातांनी ताणून पाठमोरा उभा राहिलो. ती आत गेली. मान वळवून कापडाकडे बघितलं तर उन्हात आरपार दिसत होतं. इतकं पातळ कापड, जगात याच्याइतकं पातळ नाही म्हणून मी सांगत फिरलो होतो. घाईघाईनं ते दुहेरी केलं, तर आडोसा निम्मा झाला. उरलेल्या जागेत मी स्वतः उभा राहिलो.

तेवढ्यात खालून सहा-सात मुलं-मुली वर आली. पुढचा मुलगा थबकला. त्याला वाटलं, मी कापड वाळवतोय.

"काका, भारी टेंट! अल्ट्रालाइट ना? वजन किती आहे?"

हा प्रश्न मला कुणीतरी अनोळखी माणसानं विचारावा म्हणून मी दोन महिने वाट बघितली होती. आकडा जिभेवरच होता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "पुढं व्हा, बाळांनो. माझी बायको आहे इथं."

ती पोरं माना खाली घालून भराभर पुढे गेली. शेवटची मुलगी जाताना मागं वळून माझ्याकडे बघून किंचित हसली, आणि मला आणखीच कानकोंडं झालं. माझे हात भरून आले होते, पण खाली घेतले नाहीत.

थोड्या वेळानं बायको बाहेर आली. दगडावर बसून तिनं बाटली तोंडाला लावली आणि एका दमात अर्धी संपवली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही. मग तिचं लक्ष अजून कापड धरून राहिलेल्या माझ्या हातांकडे गेलं.

"झालं माझं," ती म्हणाली. "ठेवा ते आता खाली."