भागीरथीबाईंचं कागदावर नसलेलं वाक्य

वन्सं गेल्याची बातमी मला ताडकळसच्या बाजारात कळली, आणि कळूनही कळली नाही. मी माहेरी आले होते. मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते, तर गंगाखेडहून आलेला एक ओळखीचा माणूस भाजीवालीला सांगत होता, "भागीरथी गेली की सकाळी." भाजीवाली तराजूवरची नजर न काढता म्हणाली, "बरं झालं. लय जाच केला सुनंला." शेजारच्या दोघी हसल्या. मलाही वाटलं, रेडिओवरच्या मालिकेतली भागीरथी मेली असेल... मी मेथी निवडत राहिले. मग त्या माणसाचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्यानं टोपी काढली. "वैनी, तुमी हितं? तुमच्या नणंदबाई..."  भाजीवालीचा तराजू तसाच लोंबत राहिला. या गोष्टीला आता महिना होत आला, तरी ते "बरं झालं" माझ्या कानातून जात नाही. त्या बाईला दोष देत नाही. वन्संनी आयुष्यात जे काम मन लावून केलं, त्याची ती पावतीच होती म्हणायची.

कुसुमवन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान शहरात कचेरीत मुन्शी होते. वन्संचा आवाज भरदार, वाचन स्वच्छ. कुणाच्या तरी ओळखीनं त्या तिथल्या रेडिओवर गेल्या आणि दर गुरुवारी संध्याकाळी लागणाऱ्या कौटुंबिक मालिकेत भागीरथी नावाची सासू झाल्या. शारदा नावाच्या सुनेला छळणारी. घरात मांजराला हाड म्हणताना अवघडणारी ही बाई रेडिओवर असं काही बोलायची की आमच्या चावडीपुढं बसलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. आपला मुलूख तेव्हा नुकता मुंबई राज्यात गेला होता, गावोगाव चावडीवर रेडिओ येत होते, आणि गुरुवारी सगळ्यांकडं एकच पाहुणी यायची... भागीरथी.

लोकांनी तिला खरं मानलं. वन्सं गंगाखेडला आल्या की आमचा कासार त्यांना बांगड्या भरेना. "तुमी त्या पोरीचा हात चुलीत धरलाव, मी कोन्त्या तोंडानं तुमचा हात हातात घेऊ?" वन्सं हसल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. दुसरीकडं एका साप्ताहिकातल्या टीकाकारानं लिहिलं, की अशी सासू आपल्या सोज्ज्वळ समाजात संभवतच नाही, हे पात्र अतिरंजित आहे. ते वाचून वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, पुरुषाला सासू भेटते ती दिवाळसणाला. त्यांना काय ठाऊक असणार?"

मग तो घाटावरचा दिवस आला. आम्ही दोघी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, स्नानाला गेलो होतो. पालमकडची काही माणसं आली होती, त्यांच्यातली एक कोवळी सून वन्संच्या जवळ येऊन उभी राहिली. "तुमीच का रेडूवरच्या भागीरथीबाई?" वन्संनी मान हलवली. आता ही शिव्या देणार, असं मला वाटलं. तिनं वाकून पायांना हात लावला. "शारदीचं म्होरं काय व्हतंय?" वन्सं म्हणाल्या, "ते आधी सांगायचं नसतं, बाळ." ती म्हणाली, "मला सांगा. तिचं जे व्हईल, तेच माझं व्हनार हाय. ती टिकली तर मी बी टिकंन." हे ती रडून बोलली नाही, मोटार कधी सुटते असं विचारावं तशी बोलली. तिच्या कोपराजवळ डागल्याचा वण होता. वन्सं काही बोलणार तोच कुणीतरी तिला दरडावून हाक मारली आणि ती गेली. नावही विचारायचं राहिलं.

 ओल्या पायरीवर बसून वन्सं म्हणाल्या, "पुढल्या गुरुवारी शारदा विहिरीत जीव देते. मला कागद मिळालेत, वहिनी."  

शहरात परत जाऊन वन्सं मालिका लिहिणाऱ्यांना भेटल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, श्रोत्यांना धक्का बसायलाच हवा, कथा ठरली आहे. गुरुवारी मी चावडीपुढं बायकांत बसले होते. पुढं काय होणार हे तिथं मला एकटीलाच ठाऊक होतं. शारदा म्हणाली, "मी जाते, सासूबाई." भागीरथीनं म्हणायचं होतं, "जा, विहीर काही लांब नाही." पण रेडिओ गप्प झाला. लोकांना वाटलं बॅटरी गेली. मग आवाज आला... भागीरथीचा नव्हे, आमच्या घरातला, माझ्या वन्संचा. "थांब पोरी. आत ये. दार लावून घे, गार वारं सुटलंय." शारदेचं काम करणाऱ्या मुलीला काय करावं कळेना. तिचा श्वास ऐकू आला, मग हुंदका, आणि तो कागदावरचा नव्हता. घाईघाईनं सनई लागली. तेव्हा सगळं तिथल्या तिथं, थेटच चालायचं. एकदा तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता येत नसे.

 चावडीपुढली एक म्हातारी उठली. "ही काय सासू हाय व्हय?" असं म्हणून पदर झटकून निघून गेली. तरण्या सुना मात्र बसून राहिल्या, काम पडलेलं असूनही.

वन्संना पुन्हा बोलावणं आलं नाही. दुसऱ्या बाई भागीरथी झाल्या, छळ चालू राहिला, फक्त विहिरीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. तो टीकाकार आता लिहू लागला, की एका वाक्यानं सासू बदलते हे कुणालाही न पटणारं आहे, कलेचा हा घात आहे. यजमान वारल्यावर वन्सं आमच्याकडं गंगाखेडला राहायला आल्या. रेडिओबद्दल कधी हळहळल्या नाहीत. पालमकडचं कुणी आलं की पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि विचारायच्या, "तिकडं एक मुलगी होती, कोपराला वण असलेली..." नाव ना गाव, कोण काय सांगणार? मी ताडकळसला होते त्या सकाळी त्या पूजेला बसल्या आणि बसल्या जागी कलल्या. ते उत्तर त्यांना मिळालंच नाही.

तेराव्याच्या आधी बायका भेटायला येत होत्या. त्यात एक कडेवर लेकरू घेऊन आली. मी आधी तिचं कोपर पाहिलं. वण होता; मी तिला जवळ बसवलं.

"त्या गुरवारी तू ऐकलंस का गं?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मला कुठं जाऊ देत्यात? शारदीचं समदं पानवठ्यावर बायका सांगायच्या तेच. सासूच गेली व्हती आमच्या गावच्या चावडीवर ऐकायला. परत आली, लय येळ उंबऱ्यावर बसली. मंग म्हणली, जेवलीस का? लगीन झाल्यापासून पयल्यांदा इचारलं तिनं." लेकराचं नाक पुसत ती थांबली. "दुसऱ्या दिसापासून पुन्हा तसंच. पर म्या ध्यानात ठिवलं, की हिला इचारता येतंय."

तिला वन्संची खोली बघायची होती. मी दाखवली. ती आत गेली नाही, दारातूनच हात जोडले आणि मोटार चुकू नये म्हणून निघाली. मी आत गेले. वन्संचं अंथरूण गुंडाळून भिंतीला लावलेलं होतं, खिडकीतून ऊन त्याच्यावर पडलं होतं. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि ती मुलगी जे बोलली ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता, मोठ्यानं सांगितलं.